कॉफीचे भाव पडले आणि एक संगीतकार मायदेशी अडकला

१९३० सालच्या जूनमध्ये ब्राझीलचा संगीतकार एइतोर व्हिला-लोबोस पॅरिसहून ब्राझीलला आला तो पाहुणा म्हणून. चार मैफली करायच्या, चार पैसे गाठीला बांधायचे आणि परतीची बोट धरायची, एवढाच बेत. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठाशी, प्लास सां-मिशेलला त्याचं बिऱ्हाड मांडलेलं होतं. प्रकाशक त्याच शहरात होता आणि नावही नुकतं कुठे गाजू लागलं होतं. वर्ष संपलं तेव्हा हा त्रेचाळीस वर्षांचा माणूस साओ पाउलोतच होता. हातातला पैसा देशाबाहेर न्यायला बंदी आलेली, आणि पैशाशिवाय पॅरिसला जाऊन करणार काय?

ब्राझीलच्या शास्त्रीय संगीतातलं जगाला सगळ्यांत जास्त माहीत असलेलं काम या अडकलेल्या वर्षी सुरू झालं. त्याचं नाव ‘बाकियानास ब्राझिलेइरास’. मराठीत ‘ब्राझिली बाखगीतं’ म्हणूया, तंतोतंत नसलं तरी चालेल. (बाख हा जुना जर्मन संगीतकार; त्याच्याकडे पुढे येऊच.) १९३० ते १९४५ या काळात अशा एकूण नऊ रचना झाल्या. त्यातली पाचव्या क्रमांकाची, एक गायिका आणि आठ चेलो (व्हायोलिनच्याच घरातलं, पण मोठं आणि बसून वाजवायचं वाद्य) असलेली, तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असते. नाव माहीत नसतं इतकंच. या संगीताबद्दल लिहिताना लोक प्रतिभा, राष्ट्रीय अस्मिता वगैरे शब्द वापरतात. मला त्यात सगळीकडे कॉफीचा वास येतो. का, ते सांगतो.

त्या काळी ब्राझीलच्या निर्यातीतला निम्म्याहून बराच जास्त पैसा एकट्या कॉफीचा होता. मळे साओ पाउलो राज्याच्या अंतर्भागात आणि बंदर सांतोसला. मधल्या डोंगरउतारावरून माल खाली आणायला रेल्वे घातलेली. या कॉफीने एक श्रीमंत वर्ग तयार केला आणि त्या वर्गाला कलेचा षौक लागला. १९२२च्या फेब्रुवारीत साओ पाउलोच्या म्युनिसिपल थिएटरात ‘आधुनिक कला सप्ताह’ झाला, ज्यापासून ब्राझीलच्या नव्या कलेची सुरुवात मोजतात, त्यामागे पावलो प्रादो हा कॉफीवाला होता. त्याच सप्ताहात व्हिला-लोबोस एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपाता घालून रंगमंचावर आला. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवकलेची टवाळी आहे. त्यांनी हुर्यो केली. बिचाऱ्याचा पाय दुखत होता.

पुढच्याच वर्षी तो पहिल्यांदा पॅरिसला गेला आणि १९२७मध्ये पुन्हा, जास्त मुक्कामासाठी. या दुसऱ्या मुक्कामाचा मोठा भार उचलला गिन्ले कुटुंबाने. प्लास सां-मिशेलचं घरही कार्लोस गिन्लेचंच. आता या गिन्ल्यांचा पैसा कुठला? सांतोस बंदराच्या धक्क्यांचा. म्हणजे सांतोसला कॉफीची पोती जहाजावर चढायची आणि पॅरिसमध्ये एका संगीतकाराची चूल पेटायची.

हे कळलं की १९३० समजायला सोपं जातं. १९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्यापाठोपाठ कॉफीचे भाव गडगडले. आमच्याकडे कांद्याचे भाव पडले की शेतकरी ट्रॉली रस्त्यावर ओततो. ब्राझीलने पुढे सरकारी पातळीवर तेच केलं. १९३१पासून १९४४पर्यंत सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी जाळली किंवा नष्ट केली. एक पोतं साठ किलोचं.

भाव पडले की राजकारण हलतंच. तोवर ब्राझीलमध्ये एक अलिखित समझोता होता. राष्ट्राध्यक्ष आलटून पालटून साओ पाउलोचा आणि मिनास जेराइस राज्याचा. एक कॉफीचा, दुसरा दुधाचा, म्हणून लोक त्याला ‘दूध-कॉफीचं राजकारण’ म्हणत. साओ पाउलोच्या वॉशिंग्टन लुईसने आपल्यानंतर मिनासचा माणूस न घेता साओ पाउलोचाच झुलिओ प्रेस्तेस पुढे केला. मार्च १९३०मध्ये प्रेस्तेस निवडून आला, हरला जेतुलिओ वार्गास. जुलैत वार्गासचा जोडीदार उमेदवार जुआंव पेसोआ याला रेसिफे शहरातल्या एका मिठाईच्या दुकानात गोळ्या घातल्या. ३ ऑक्टोबरला बंड सुरू झालं, २४ तारखेला लष्कराने वॉशिंग्टन लुईसला खाली खेचलं आणि ३ नोव्हेंबरला वार्गास सत्तेवर बसला. तो पुढची पंधरा वर्षं उठला नाही. निवडून आलेल्या प्रेस्तेसला शपथ घ्यायलाच मिळाली नाही.

रेसिफेचं नाव दोनदा येण्याचं कारण म्हणजे व्हिला-लोबोस बोटीतून उतरला तोही तिथेच. त्याची पहिली मैफल तिथे झाली. पेसोआ मारला गेला त्याच्या जेमतेम दोन महिने आधी. तिथून तो साओ पाउलोला गेला आणि वाद्यवृंदाच्या मैफली हातात घेतल्या. वाद्यवृंदाचा संचालक म्हणजे हातात काठी घेऊन ताल देणारा, एवढीच आपल्याकडे समजूत असते. खरं तर कुठला सूर किती दाबायचा, कुणाला पुढे आणायचं, कुठे श्वास घ्यायचा हे सगळं तो ठरवतो. साठ-सत्तर वादकांचं मिळून एक वाद्य असतं आणि ते वाजवणारा तो. व्हिला-लोबोसने साओ पाउलोला ताजं फ्रेंच संगीत ऐकवायचा घाट घातला. ते सगळ्यांना रुचलं नाही. शाळांमधल्या संगीताची दशा पाहूनही तो हादरला, आणि मुलांना गायला शिकवण्याची एक मोठी योजना त्याने लिहून काढली.

ती योजना त्याने प्रेस्तेसलाच दाखवली. प्रेस्तेसला ती आवडली, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर करूच असा शब्द मिळाला. मग बंड झालं आणि शब्द देणारा माणूसच गेला. पुढे मात्र गंमत आहे. वार्गासने साओ पाउलोवर नेमलेला कारभारी, जुआंव आल्बेर्तो, हा बंडखोर लष्करी अधिकारी पियानो वाजवणारा निघाला! जुन्या राजवटीने वाखाणलेली योजना नव्या राजवटीने उचलली. व्हिला-लोबोसचा राजकीय कल कुठे होता असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन, की ज्या बाजूला शाळेत गाणं सुरू होईल त्या बाजूला.

आता संगीताकडे वळू.

व्हिला-लोबोसचे वडील राऊल रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला होते आणि घरी हौसेने वाजवायचे. मुलाला त्यांनीच चेलो शिकवला. हात लहान, म्हणून आधी व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा असा व्हियोला उभा धरून. रस्त्यावर ट्रामची घंटा वाजली की ते विचारत, सूर कुठला? एक मावशी पियानोवर बाख वाजवायची. १८९९मध्ये वडील वारले तेव्हा पोरगा बारा वर्षांचा. पुढे तो घराबाहेर रमला, रिओच्या गल्ल्यांत रात्री फिरून वाजवणाऱ्या ‘शोरो’वाल्यांच्या टोळक्यात गिटार घेऊन शिरला. पोटासाठी हॉटेलांत, थिएटरांत आणि मूकपटांच्या पडद्यासमोर चेलो वाजवला. आपल्या मुंबईतल्या गोवेकर वादकांनी त्याच सुमारास हेच काम केलंय, त्यामुळे ही नोकरी कशी असते ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

म्हणजे एका कानात मावशीचा बाख, दुसऱ्या कानात गल्लीतला शोरो. बाकियानासमध्ये या दोन्हींची मोट बांधली आहे, असं सगळे म्हणतात. पण मोट बांधता येण्यासारखं त्या दोन्हींत मुळात होतं काय? खरा प्रश्न तो आहे.

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा जर्मन. त्याची खुबी अशी, की त्याच्याकडे एकाच वेळी दोन-तीन-चार चाली चालू असतात आणि प्रत्येक चाल स्वतंत्रपणे गुणगुणता येते. आपल्या संगीतात एका वेळी एकच चाल असते. तंबोरा तिला जमीन देतो, पेटी तिच्या मागून चालते, पण मालकी एकाची. बाखकडे मालक चौघे असतात. शिवाय सगळ्यांत खालचा, खर्जातला आवाज नुसता जमीन देत बसत नाही, तो पायऱ्या चढतो-उतरतो, वरच्या चालीला उत्तरं देतो.

आता शोरो. त्यात बासरीसारखं एक वाद्य वर चाल वाजवतं, कावाकिन्यो नावाचं चार तारांचं छोटं वाद्य ठेका धरतं आणि गिटारवाला खर्जाच्या तारांवर अखंड धावपळ करतो. ही खर्जातली धावपळ हा शोरोचा प्राण. वरचा वादक श्वास घ्यायला थांबला रे थांबला, की गिटारवाला खालून एक लांब जिना चढून त्याला पुढच्या ओळीच्या दारात आणून सोडतो. ऐकताना तुम्हाला बाखची आठवण आली तर ती उगाच आलेली नाही. दोन्हीकडे खर्ज जागा असतो. व्हिला-लोबोसला हे पुस्तकातून कळलं नव्हतं; तो स्वतः गिटार घेऊन त्या जिन्यावरून धावला होता. बाख ही सगळ्या लोकसंगीतांना जोडणारी गोष्ट आहे, असं तो मानत असे. तत्त्वज्ञान म्हणून ते मला फार पटत नाही. गिटारवाल्याची निरीक्षणशक्ती म्हणून शंभर टक्के पटतं.

म्हणून या रचनांतल्या बहुतेक भागांना दोन दोन नावं आहेत. एक बाखच्या घरातलं, एक ब्राझीलच्या. १९३०मधली पहिली बाकियानास घ्या. तिचे तीन भाग आहेत. पहिला ‘प्रास्ताविक’, तोच ‘एम्बोलादा’. एम्बोलादा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधलं, जीभ अडखळेल इतक्या वेगात शब्द फेकत म्हणायचं गाणं. दुसरा ‘प्रेल्युड’, तोच ‘मोदिन्या’, म्हणजे दिवाणखान्यात गायचं हळवं प्रेमगीत. तिसरा ‘फ्यूग’, तोच ‘संभाषण’.

या तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण फ्यूग म्हटलं की लोकांना परीक्षा आठवते. एकजण एक छोटी चाल म्हणतो. ती संपते तोच दुसरा तीच चाल वेगळ्या पट्टीत उचलतो. भजनात बुवांनी ओळ म्हटली की टाळकरी ती उचलतात, तसंच वाटेल. पण भजनात टाळकरी गाताना बुवा थांबतात. फ्यूगमध्ये बुवा थांबत नाहीत, ते त्या ओळीला साजेसं काहीतरी पुढे म्हणतच राहतात. मग तिसरा येतो, चौथा येतो, आणि आता चौघे एकाच विषयावर एकाच वेळी बोलतायत. बाखने यातून एक भव्य इमारत उभी केली. व्हिला-लोबोसला त्यात रस्त्याच्या कोपऱ्यावर भेटलेले चार शोरोवाले दिसले, प्रत्येकजण दुसऱ्याचं वाक्य तोडून आपलं घोडं दामटणारा. दुसरं नाव ‘संभाषण’ ठेवलंय ते याच कारणाने. ते वाचून ऐकायला बसलात तर फ्यूगची भीती पहिल्या अर्ध्या मिनिटात जाते.

आणि हे सगळं वाजवणार कोण? फक्त चेलो. निदान आठ. व्हायोलिन नाही, बासरी नाही, ढोल नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण चेलोचा पल्ला माणसाच्या आवाजासारखा आहे. खाली खर्जातल्या पुरुषापासून वर बायकांच्या आवाजापर्यंत तो जातो. आठ चेलो म्हणजे एकाच घरातली आठ माणसं, आवाजाचा पोत एकच, उंची वेगवेगळी. बोटांनी तार छेडली की तोच चेलो गिटार होतो. पुढच्या पाचव्या बाकियानासमध्ये हीच युक्ती आहे: वर गायिका सुरुवातीला शब्दांवाचून नुसत्या आकारात गाते, आणि खाली चेलो गिटारसारखे छेडले जातात. पहिली रचना त्याने पाब्लो कासाल्स या स्पॅनिश चेलोवादकाला अर्पण केली. बाखचे चेलोसाठीचे जुने संच जगापुढे आणणारा हाच माणूस, त्यामुळे ते योग्यच झालं.

एक सावधगिरीची सूचना. व्हिला-लोबोसच्या तारखांवर फार भरवसा ठेवू नये. पॅरिसमध्ये असताना आपल्याला ब्राझीलच्या जंगलात नरभक्षकांनी पकडलं होतं अशा कथा त्याच्या नावावर छापून आल्या, आणि त्या त्याने खोडल्या नाहीत. पहिल्या बाकियानासवर साल १९३० आहे, पण आधी वाजले ते दुसरा आणि तिसरा भाग, १९३२मध्ये. पहिला भाग मागाहून जोडला गेला. दुसऱ्या बाकियानासचे भागही मुळात चेलो-पियानोसाठी नाहीतर नुसत्या पियानोसाठी लिहिलेले तुकडे. तेव्हा १९३० सालच्या एका सकाळी त्याला साक्षात्कार झाला, असं काही झालेलं नाही. हातात असलेल्या सुट्या कापडांची गोधडी शिवली जात होती.

सुटे तुकडे हातात का होते, तेही सरळ आहे. जानेवारी १९३१मध्ये, जुआंव आल्बेर्तोच्या पाठबळाने, व्हिला-लोबोस साओ पाउलो राज्याच्या अंतर्भागात दौऱ्यावर निघाला. पत्नी लुसीलिया पियानोला, सोबत आणखी काही नामवंत वादक, तो स्वतः चेलोला. आगगाडीत पियानो घालून गावोगाव हिंडायचं, संध्याकाळी वाजवायचं, गावकऱ्यांना गायला लावायचं. पन्नासहून अधिक गावं झाली. या दौऱ्यात वाद्यवृंद कुठून आणणार? चेलो आणि पियानोला पुरेल असंच संगीत लागणार. एका गावात म्हणे त्याने भाषणात फुटबॉलवर तोंडसुख घेतलं, या खेळाने माणसाची अक्कल डोक्यातून पायात उतरते म्हणाला, आणि पब्लिक भयंकर खवळलं. ब्राझीलमध्ये जाऊन फुटबॉलला बोलायचं म्हणजे वारीत उभं राहून टाळाला नावं ठेवण्यासारखंच.

त्याच १९३१च्या मे महिन्यात साओ पाउलोत त्याने सुमारे १२ हजार लोकांना एकत्र गायला लावलं. विद्यार्थी, कामगार, शिपाई, सगळे. एवढ्या गर्दीला स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून हाताच्या खुणांची पद्धत: हाताची अमुक ठेवण म्हणजे सा, तमुक म्हणजे रे. १९३२पासून रिओच्या शाळांमधलं संगीत त्याच्याकडे आलं, आणि १९४०मध्ये वास्को द गामा क्लबच्या मैदानावर (होय, फुटबॉलच्याच) सुमारे ४० हजार मुलं त्याच्या हाताकडे बघून गायली. तोवर वार्गास हुकूमशहा झाला होता आणि या समूहगानाला राष्ट्रभक्तीच्या कवायतीचा रंग चढला होता. काहीजण त्याबद्दल व्हिला-लोबोसला आजही माफ करत नाहीत. मलाही ती छायाचित्रं बघताना अवघडल्यासारखं होतं. पण त्याच वर्गांतून हजारो गरीब मुलांना फुकटात सूर कळला, हेही तितकंच खरं.

पॅरिसचं ते बिऱ्हाड पुन्हा मांडलं गेलं नाही. आधीच्या कामातलंही काही हरवलं: ‘शोरोस’ या त्याच्या आधीच्या मालिकेतल्या तेराव्या आणि चौदाव्या क्रमांकाच्या रचना आज कुठेच सापडत नाहीत.

राहिली ती आगगाडी. दुसऱ्या बाकियानासचा शेवटचा भाग, बाखच्या भाषेत ‘तोकाता’, ब्राझीलच्या भाषेत ‘काइपीराची छोटी गाडी’. काइपीरा म्हणजे साओ पाउलोच्या आतल्या खेड्यातला शेतकरी माणूस. ही चाल दौऱ्यात, रेल्वेच्या डब्यातच बसून लिहिली असं सांगतात. लहानपणी व्हिला-लोबोसला घरात ‘तुहू’ म्हणत, आणि ते नाव त्याच्या आगगाडीच्या वेडावरून पडलं असंही सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात असं मला फार वाटतं.

वाद्यवृंदाच्या रूपात ती ऐकताना हेडफोन लावा. सुरुवातीला खुळखुळे आणि खाचांच्या लाकडावर काठी घासल्याचा आवाज येतो. ती वाफ आणि चाकं. लय हळूहळू चढते, एकेक वाद्य डब्यासारखं जोडलं जातं, सुषिर वाद्यांतून शिट्टी वाजते. गाडीने वेग धरला की वर व्हायोलिनवर एक साधी, रुंद, कुणालाही म्हणता येईल अशी चाल सुरू होते, आणि खाली चाकं आपली चालूच. खिडकीत कोपर ठेवून बसलेला माणूस बाहेर काय बघतोय, ते त्या चालीत आहे. साओ पाउलोच्या त्या पठारावर मैलोन् मैल कॉफीचे मळे होते, रूळ त्यांच्यासाठीच टाकलेले होते, आणि त्या वर्षी त्या कॉफीला गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी गाडी दमत दमत हळू होते, सुस्कारा टाकते, आता संपलं असं वाटतं, आणि मग सगळा वाद्यवृंद मिळून एक धाडकन ठोका देतो. ब्रेक लागला. उतरा.